दिवसाला दोन सिंहगड

पुण्यातले सायकलवाले चढ मीटरमध्ये मोजत नाहीत, सिंहगडात मोजतात. डोणज्यापासून वर गडाच्या पार्किंगपर्यंत साधारण ६०० मीटर, म्हणजे एक सिंहगड. एकदा तो पाय न टेकता चढलात की पुढे भेटणारा प्रत्येक चढ त्यानं भागून बघायची खोड लागते. कात्रजचा जुना घाट? पाव. पसरणी? एकाला थोडा कमी. त्यामुळे गेल्या जानेवारीत भाच्यानं कोकण किनाऱ्यानं रत्नागिरीपर्यंत जायचं काढलं, तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारला. किती सिंहगड?

"मावशी, समुद्राच्या कडेकडेनं जायचंय," तो म्हणाला. "समुद्रसपाटी! शून्य."

समुद्रसपाटी हा शब्द ज्यानं कुणी मराठीत आणला, तो श्रीवर्धनच्या खाली सायकलवर गेलेला नसणार. पाच दिवसांनी आम्ही रत्नागिरीच्या स्टँडबाहेर चहा पीत बसलो होतो, तेव्हा भाच्याच्या हँडलवरच्या यंत्रानं हिशोब सांगितला. दिवसाला सरासरी दोन सिंहगड. आणि ज्या दिवशी नावाचा घाट होता, तोच दिवस सगळ्यात सोपा गेला होता.

आधी एक सांगून टाकते. आमचं कोकणात काहीही नाही. आम्ही बार्शीकडचे, पक्के घाटावरचे. आमच्या सोसायटीतली निम्मी बिऱ्हाडं गणपतीत आणि मे महिन्यात कुलपं लावून खाली जातात आणि येताना फणस, कोकमं, आंब्याच्या पेट्या घेऊन येतात. आमच्या वाट्याला शेजाऱ्यांकडून झाकून आलेली ताटली. लहानपणी मला वाटायचं, पुण्यातल्या माणसाला कोकणात एक गाव असतंच, आमचंच कुठंतरी हरवलंय. पंचावन्नाव्या वर्षी, बँकेतून सुटल्यावर, गियरची सायकल घेतली तेव्हा मनात हा जुना हिशोब कुठंतरी होताच. त्याआधी सायकल म्हणजे कॉलेजात जायची लेडीज सायकल, पुढे वेताची बास्केट. तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं आणि टिळक रोडवर सकाळी घंट्यांचा नुसता कल्लोळ असायचा. मग मधली तीसेक वर्षं सगळ्या गावाबरोबर मीही स्कूटरवर.

पौड रोडनं पहाटे साडेपाचला निघालो. चांदणी चौकाच्या पुलांचं जाळं अजून झोपेत होतं. भूगाव, पिरंगुट, पौड करत माले आलं की उजवीकडे... नाही, रस्ता वळणं घेतो तसं कधी या हाताला, कधी त्या, मुळशीचं पाणी दिसायला लागतं. या पाण्यापाशी मी दर वेळी थांबते. मुळा नदी इथली. ती पुण्यात येते, मुठेला भेटते, पुढे भीमा, कृष्णा आणि हजारावर किलोमीटर पूर्वेला जाऊन बंगालचा उपसागर. खरं तर ती जन्मते तिथून पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर, पण मध्ये सह्याद्रीची धार आहे आणि मुळा धारेच्या या बाजूला पडली.

टाटांनी मात्र धरण बांधून हे पाणी अडवलं आणि डोंगराच्या पोटातून नळांनी सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला नेलं. तिथं १९२७ पासून त्याच्यावर वीज होते. धरणाखाली मावळातली गावं गेली. त्यांच्यासाठी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यातून. वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून आरडाओरडा करत जाणारी मंडळी ज्या पाण्यावर नाचतात ते हेच. पुढे रोहा, मग रेवदंड्याला समुद्र. म्हणजे पूर्वेला जायचं पाणी माणसानं उचलून पश्चिमेला टाकलं. मी काठावर केळं खात उभी राहून भाच्याला हे सगळं सांगत होते. तो म्हणाला, "मावशी, बॉडी थंड होतेय, चल."

ताम्हिणी पुण्याकडून चढायला फार त्रास देत नाही. चढ-उतार, चढ-उतार करत आपण नकळत काठावर येऊन उभे राहतो. खरा घाट आहे तो उतरायचा. डोंगरवाडी मागे पडली की रस्ता एकदम खाली वाकतो आणि मग सायकल आपली राहत नाही. मी भित्री आहे. दोन्ही ब्रेक धरून, वळणाआधी सोडून पुन्हा धरत, खाली येईपर्यंत माझे पंजे लाकूड झाले होते. डिस्कवर पाण्याची बाटली थोडी ओतली तर चर्र आवाज होऊन वाफ आली. गंमत म्हणजे वरती अंगात जर्किन होतं आणि विळ्याला पोचेतो घाम फुटला. हवा दमट, जड, अंगाला चिकटणारी. घाट उतरलात हे पाटी वाचून कळायच्या आधी बाहीला कळतं.

पहिला मुक्काम माणगाव. मुंबई-गोवा हमरस्त्यावरचं गाव, ट्रकांचा आवाज, लॉजच्या खोलीत सायकली नेऊ देणार नाहीत म्हणून अर्धा तास हुज्जत. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यानं आमची छान फसवणूक केली. म्हसळ्याहून दिवेआगरला उतरलो आणि तिथून आरावी, शेखाडी करत श्रीवर्धनकडे निघालो. हा रस्ता खरोखर समुद्राला लागून आहे. उजव्या हाताला काळे खडक, त्यावर फुटणारं पाणी, डाव्या हाताला डोंगर, मधून डांबराची पट्टी. भरतीला एखादा तुषार चष्म्यावर येतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स याच शेखाडीला उतरवलं होतं. आज तिथं जाळी वाळत घातलेली आणि एक बकरी रस्त्याच्या मधोमध, उठायला तयार नाही. ते तसले दिवस या शांततेत कसे मावले असतील ते कळत नाही. त्या पट्ट्यात भाच्याचं ॲव्हरेज चोवीसवर गेलं आणि तो मला मागं वळून म्हणाला, "सांगितलं होतं ना, शून्य!"

श्रीवर्धनला वाड्यांमधून जाताना एक गोष्ट खटकत राहिली, पण काय ते ध्यानात यायला वेळ लागला. ऊन फार होतं. नारळी-पोफळीच्या आगरातून जाताना डोक्यावर एवढं ऊन येता कामा नये. खानावळीच्या काकूंना विचारलं तर त्यांनी हातातला चमचा तसाच वर धरून सांगितलं, "निसर्गानं नेलं." आधी मला तत्त्वज्ञान वाटलं. मग उलगडलं की त्या ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाबद्दल बोलतायत. एका दुपारीत वाडीच्या वाडी आडवी झाली. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे सुपारीतलं सोनं, पण पोफळ लावून हाताशी यायला बरीच वर्षं लागतात. नवी रोपं कमरेएवढी, छातीएवढी झालेली दिसत होती. "यांच्या सावलीत आता नातवंडं बसतील," काकू म्हणाल्या आणि सोलकढी वाढली.

इथलाच तो बाळाजी विश्वनाथ भट, जो घाट चढून वर आला आणि पेशवा झाला. पलीकडच्या वेळासचे नाना फडणवीस. पुढे मुरुडचे धोंडो केशव कर्वे, रत्नागिरीचे टिळक. पुण्याचे रस्ते, चौक, शाळा यांच्यावर ज्यांची नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं या चिंचोळ्या पट्टीतून घाट चढून आलेली. माणसं खालून वर गेली. वरून खाली काय आलं? मुळशीचं पाणी, आणि आता सायकलवर मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरिहरेश्वरहून बागमांडल्याच्या जेट्टीवर पोचलो आणि कोकण किनारा म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं.

नकाशात किनारा एक रेघ दिसतो. प्रत्यक्षात तो फणी आहे. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी होऊन जमिनीत खोल घुसते. आपण उत्तर-दक्षिण जायचं म्हणतो, तर या सगळ्या फणीचे दात आडवे येतात. हरिहरेश्वर ते रत्नागिरी एवढ्यातच सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी, शास्त्री अशा पाच नद्या. आणि दोन नद्यांच्या मध्ये काय? सडा. जांभ्या दगडाचं पठार, माथा सपाट आणि समुद्राकडे कडा. गावं मात्र खाली, पुळणीला लागून, जिथं गोडं पाणी आणि वाडी आहे. म्हणून रस्त्याचा क्रम ठरलेला. गावातून वर सड्यावर, सड्यावरून खाली गावात, मग खाडी, मग पुन्हा वर. चढ फार मोठे नाहीत, शंभर-दीडशे मीटरचे. पण ते सरळ आहेत. घाटातला रस्ता वळसे घेत घेत माणसाला फसवून वर नेतो. इथले रस्ते बैलगाडीच्या आणि पाखाडीच्या वाटांवर डांबर टाकून झालेत. जिथं बैल नाकासमोर चढला तिथं तुम्हीही चढा. यंत्रावर बारा टक्के, चौदा टक्के असे आकडे यायला लागले की मी यंत्राकडे बघायचं सोडून रस्त्याकडेचे गडगे मोजायला लागते.

या सगळ्या खाड्या ओलांडून जाणारा रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या डोक्यातून निघाला. ते मुख्यमंत्री होते १९८० ते ८२. त्यांचं गाव आंबेत याच सावित्रीच्या काठी, त्यामुळे खाडीला वळसा घालणं म्हणजे काय ते त्यांना मुंबईत बसून समजून घ्यावं लागलं नसणार. राज्याला ७२० किलोमीटर किनारा आहे असं आपण शाळेत पाठ केलं. त्याच्या कडेनं सलग रस्ता मात्र अजून व्हायचाच आहे. बागमांडल्याला फेरीची वाट बघत बसलं की पलीकडच्या बाणकोटशी जोडणाऱ्या पुलाचे खांब दिसतात. कित्येक वर्षं तसेच, पाण्यात, वरचा पूल नसलेले. त्यावर करकोचे बसतात, की बगळे, मला ओळखू येत नाहीत.

जेट्टीवर तिकीटवाल्या पोराला सायकलीचं काय घ्यायचं ते ठरवता येईना. त्यानं तिथल्याच एका वयस्क माणसाला विचारलं. त्या गृहस्थांनी आधी सायकलींकडे, मग माझ्या पिकल्या केसांकडे बघितलं.

"कुठून?"

"पुण्याहून."

"पुण्यात गाड्या संपल्या काय?"

मग पोराला म्हणाले, "माणसांचे घे. सायकलीचं ते बिचारे पायानं फेडतायत."

फेरीबोट पलीकडे होती. ती गाड्या भरेल, सुटेल, मग इकडे. पुण्यात सिग्नलला साठ सेकंद थांबवत नाही मला. इथं पाऊण तास थांबले आणि काही करता येण्यासारखं नव्हतंच. ओहोटी लागलेली, जेट्टीच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ उघडं पडत चाललेलं. एक पायरी दिसली, मग दुसरी. मोबाइलला रेंज नाही. भाचा दोनदा घड्याळाकडे बघून गप्प बसला आणि मग चक्क पायरीवर आडवा झाला. फेरी आली, फळी धाडकन खाली पडली, आम्ही दोन मोटारींच्या मधल्या फटीत सायकली धरून उभे राहिलो. पुढची काही मिनिटं पाय न मारता पुढं सरकत होतो. ही सावित्री महाबळेश्वरला उगमाशी पाहिली आहे मी, गोमुखातून बोटाएवढी पडताना. इथं पलीकडचा माणूस ओळखू येत नाही.

मी चहावाल्या बाईंना म्हटलं, पूल झाला तर ही मजा जाईल. सहलीला आलेल्या माणसाचं बोलणं, दुसरं काय. बाई म्हणाल्या, "रात्री फेरी बंद झाल्यावर पोरीला कळा सुटल्या की मजा कळते. आंबेतवरून वळसा घालून जावं लागतं." मी चहाचे पैसे दिले आणि गप्प बसले. पूल व्हावा. लवकर व्हावा.

वेशवीहून पुढं बाणकोट, वेळास आणि मग पहिला खरा सडा. अकराचं ऊन. लाल धूळ, करवंदीच्या जाळ्या, कापलेल्या गवताचा पिवळा पसारा आणि सावलीचं नाव नाही. ३४ दातांचं पुढचं चक्र आणि ३२ दातांचं मागचं, याहून हलका गियर माझ्याकडे नाही. तो टाकूनही गुडघ्यातून कुरकुर ऐकू यायला लागली. मी उतरले आणि सायकल ढकलायला लागले. ढकलण्यात काही कमीपणा नाही, असं मी इतरांना नेहमी सांगते. स्वतःला सांगताना मात्र आधी मागंपुढं कुणी नाही ना ते बघितलं.

सड्यावर पोचलं की मात्र वारा लागतो. चौथीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई, परीक्षेत दोन गुण. चाळीसएक वर्षांनी त्या दोन गुणांचा अर्थ मांड्यांना समजला. सकाळी निघावं तर डोंगराकडून गार, मंद मतलई. तो साडेनऊ-दहाला मरतो. मग तासभर सगळं स्तब्ध, घाम वाळत नाही, हीच वेळ सगळ्यात वाईट. दुपारी खारा उठतो आणि या दिवसांत तो नेमका वायव्येचा असतो. म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीत, तिरका. म्हणून हा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे करायचा. जे हौशी लोक गोव्याहून अलिबागला यायचं ठरवतात, त्यांनी आधी चौथीचं पुस्तक काढावं. भाच्याला हे सगळं ठाऊक होतं, पण त्याच्या ॲपमध्ये त्याला भलतंच इंग्रजी नाव होतं. खारा वारा म्हटल्यावर त्यानं ओठ चाटून बघितले आणि हसला.

केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. या नावांच्या मध्ये जेवढे स्वल्पविराम आहेत तेवढे चढ धरा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो नाही. देवानं माफ करावं, त्याच्या नावातच चढ होता.

आंजर्ल्याची खाडी पुलावरून ओलांडून हर्णैकडे उतरताना टायर गेलं. रस्त्याकडेला घरासाठी जांभ्याचे चिरे रचून ठेवलेले, त्यातला एक फुटून तुकडा डांबरावर आलेला. मागचं चाक त्याच्या धारेवरून गेलं. फट्ट असा आवाज झाला. ट्यूब माझ्याकडे दोन होत्या, पण टायरची बाजूच अंगठ्याच्या नखाएवढी चिरली होती. नवी ट्यूब घालून हवा भरली तर त्या चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावायला लागली. असलं टायर मिळायचं ठिकाण पुणं. मध्ये कुठेच नाही. भाच्यानं शंभराची नोट घडी करून आत सरकवली, कारण कुठल्याशा व्हिडिओत तसं करतात. नोटही वाकून बाहेर आली.

सायकली ढकलत हर्णै बंदरावर गेलो. दुपारच्या लिलावाची वेळ. होड्या लांब पाण्यात उभ्या, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत आत जाऊन मासळी काठावर आणत होत्या. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. वाळूवर कोलंबीचे, बांगड्याचे ढीग आणि त्याभोवती कोंडाळं करून बोली. एरवी मी तासभर बघत राहिले असते. मी बघत होते पंक्चरचं दुकान कुठाय ते.

एका होडीच्या सावलीत एक आजोबा जाळं शिवत बसले होते. त्यांनी बोलावलं नाही, नुसतं चाकाकडे बघून भुवई उचलली. मी चीर दाखवली. त्यांनी अंगठा आतून घालून बाहेर काढला, आमची नोट उपसून भाच्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, टायर उतरवा."

शेजारच्या पोराला पाठवून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणवला. मग दाभण घेतलं, त्यात जाळ्याचाच हिरवा नायलॉनचा दोरा ओवला. चिरेच्या दोन्ही बाजूंना, काठापासून जरा लांब, असे टाके घालायला सुरुवात केली. रबराच्या आत कापडाचा थर असतो, तो सापडेपर्यंत दाभण आत घालायचं आणि तो सापडला की मगच ओढायचं. हे त्यांना बोटांनी समजत होतं. टाका ओढला की दोऱ्याला दोन वेढे, मग पुढचा. पाच टाके. गाठ बाहेरच्या बाजूला ठेवली. "आत ठेवली तर ट्यूब खाईल," म्हणाले. आतून रबराचा तुकडा चिकटवला. सगळं मिळून वीस मिनिटं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही मान वर केली नाही. हवा नेहमीच्या निम्मीच भरायची, असं त्यांनी सांगितलं. सायकल त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती, हे नंतर बोलण्यात आलं.

पैसे घेतले नाहीत. टायर केवढ्याला, एवढंच विचारलं.

"अडीच हजार."

"दोन्ही?"

"एक."

त्यांनी टायरकडे पुन्हा एकदा बघितलं. "आणि जांभ्याला टिकत नाही?"

मुरुडला मुक्काम. समोर अथांग पुळण असूनही मी संध्याकाळभर मागच्या चाकापाशी बसून टाक्यांवर बोट फिरवत होते. हे कर्व्यांचं गाव. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांची हिंगण्याची संस्था, आता त्या भागालाच कर्वेनगर म्हणतात. फर्ग्युसनमध्ये शिकवून रोज संध्याकाळी पायी हिंगण्याला जाणारे कर्वे पुण्याला माहीत आहेत. पण त्यांचं सगळ्यात मोठं चालणं त्याआधीचं, या गावातून. परीक्षेला बसायला ते मुरुडहून साताऱ्याला निघाले, भर पावसात, कुंभार्लीचा घाट चढून, शंभरावर मैल. आणि पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. परत आले. ते परत येणं मला जास्त भारी वाटतं. जाताना निदान परीक्षा होती.

चौथा दिवस दाभोळ. कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, प्रत्येक ठिकाणी एक उतार आणि त्याची भरपाई. दाभोळची फेरी धोपाव्याला जाते. वाशिष्ठी इथं सावित्रीपेक्षाही पोक्त दिसते आणि तिच्यात माझ्या ओळखीचं पाणी आहे. कोयना धरणाचं पाणी डोंगरातून पोफळीला उतरवून त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा पाणीवाटप लवादानं त्यासाठी ठरवून दिलेलं पाणी ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. कराडच्या प्रीतिसंगमाला जायचं पाणी इथं दाभोळच्या खाडीत. म्हणजे घाटावरून खाली आलेल्यांत मुळशीच्या पाण्यापेक्षा हे कितीतरी मोठं बिऱ्हाड. मी फेरीच्या कठड्यावरून वाकून बघितलं. चव बघायचा मोह झाला. भाचा म्हणाला, "खारट असणार, मावशी." बरोबर आहे. इतक्या खाली आल्यावर कुणाचंही तेच होतं.

जाता जाता एक. ज्याला सगळा महाराष्ट्र दाभोळचा वीज प्रकल्प म्हणतो, तो दाभोळला नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या सड्यावर. एन्रॉन २००१ मध्ये बुडाली, वाद संपले, नाव मात्र दाभोळला चिकटलं ते चिकटलं. फेरीतल्या एका दाभोळकरांना याचा अजून राग आहे. "धूर त्यांचा, बदनामी आमची."

गुहागरला व्याडेश्वराशेजारी उकडीचे मोदक मिळाले, चतुर्थी नसतानाही. सहा खाल्ले. त्यावर अधिक लिहीत नाही.

शेवटच्या दिवशी हेदवी, मग तवसाळची फेरी आणि जयगड. जयगडच्या बंदरापासून कोळशाचे अवजड ट्रक. मालगुंड, गणपतीपुळे पटापट. आणि मग आरे-वारे, जिथं वळणावर दोन पुळणी एकदम खाली दिसतात आणि प्रत्येक जण फोटो काढायला थांबतो. मी थांबले ते दम लागला म्हणून. फोटो आपोआप आला.

परतीला खासगी बस केली. सायकली डिकीत उभ्या ठेवतो म्हणून जास्तीचे पैसे घेतले आणि आडव्या टाकल्या, वर कुणाच्या तरी लग्नाची भांडी. सकाळी पुण्यात उतरलो तेव्हा माझा मागचा गियर वाकलेला, साखळी एका दातावर टिकेना. टायर ठणठणीत.

ते मी बदललं नाही. भाच्यानं दोनदा नवं टायर आणून दिलं, मी ते माळ्यावर ठेवलं. फेब्रुवारीत त्याच टायरवर खडकवासला केलं, मुळशीपर्यंत जाऊन आले. सिग्नलला थांबलं की शेजारचे सायकलवाले हिरव्या टाक्यांकडे बघतात आणि विचारतात, हे काय आहे? मी म्हणते, हर्णै.

मार्चमध्ये सिंहगड उतरताना, शेवटून दुसऱ्या वळणावर ते फाटलं. मी कडेला बसून चाक फिरवून बघितलं. पाचही टाके जागच्या जागी होते. रबर त्यांच्या शेजारी, दोन बोटांवर, गेलं होतं.

फोन केला तर भाचा म्हणाला, "मावशी, आता तरी माळ्यावरचं काढ."

"काढते," मी म्हटलं. "आधी तू दाभण घेऊन ये. दोरा आहे माझ्याकडे."